आर्थर आजोबा आणि इराचं वाक्य

रविवार संध्याकाळ, झूटरमेर, नेदरलँड्स

शेजारचे आर्थर आजोबा इंग्लंडमध्ये चाळीस वर्षं नाटक-सिनेमांत नोकर, हवालदार, पोस्टमन झाले. बहुतेक भूमिका एका वाक्याच्या. आज शाळेच्या नाटकात माझ्या लेकीला, इरालाही, एकच वाक्य होतं, आणि ती बोलताना अडखळते. महिनाभर आजोबांनी रोज तिची तालीम घेतली. "घाई करू नकोस, लोक थांबतात," म्हणायचे.

आज ती अडकलीच. मी डोळे मिटून घेतले. कुणी हसलं नाही, सगळे थांबले. तिने श्वास घेतला आणि वाक्य पूर्ण केलं, अगदी खणखणीत!

बाहेर मी आजोबांचे आभार मानायला लागले, तर ते हसून म्हणाले, "माझ्यासाठी असं कधी कुणी थांबलं नव्हतं."

मग इतक्या खात्रीने तिला कसं सांगत होते? इराने त्यांचा हात धरला, तो घरापर्यंत सोडला नाही.