आणखी दोन मिनिटं

प्रिय टिल्लू,

पन्नाशीला टेकलास, केस कपाळावरून पार मागे गेले, तरी पत्रात तुला दुसऱ्या नावाने हाक मारायला हात धजत नाही. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मी विषय बदलते. आपली दोघांची ही खोड जुनी आहे. आज मला सुट्टी आहे. आई जेवून आतल्या खोलीत पडली आहे आणि मी कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून, मांडीवर जाड पुस्तक घेऊन लिहिते आहे. संध्याकाळपर्यंत पाय चपलेत मावेनासे होतात हल्ली. एकतीस वर्षं त्यांना उभं ठेवलं, त्यांनी तरी किती ऐकून घ्यायचं.

दमले आहे रे. काल सकाळी आमच्या तातडीच्या विभागात तासाभरात तीन जण आले. शिडीवरून पडलेला एक रंगारी, दम कोंडलेली एक शिक्षिका आणि एक बेकरीवाला, भट्टीसमोर उभ्या उभ्या हृदय बंद पडलेला. रंगाऱ्याच्या पोटातला रक्तस्राव वेळेत सापडला. शिक्षिका दुपारी खाटेवर बसून नर्सच्या अक्षराला नावं ठेवत होती. बेकरीवाल्यासाठी आम्ही चाळीस मिनिटं झटलो. त्याच्या बायकोला सांगायला मीच बाहेर गेले. ती हातात थर्मास घेऊन उभी होती. मला म्हणाली, 'सकाळपासून चहा नाही झाला त्यांचा, आत देऊ का?' पूर्वी अशा वेळी मला नेमके शब्द सुचायचे. काल मी थर्मास हातात घेतला, तिच्याशेजारी बसले आणि ते गेले एवढंच सांगितलं.

आमच्या खोलीतला एक नियम तुला कधी सांगितला नाही. बंद पडलेलं हृदय चालवायला आम्ही छातीवर दाब देतो, दर दोन मिनिटांनी दाब देणारा बदलतो, नाहीतर त्याचे हात ढिले पडतात. बराच वेळ काही उपयोग होत नाही असं दिसलं, की थांबायचं का, हे तिथला मुख्य डॉक्टर एकटा ठरवत नाही. तो खोलीतल्या प्रत्येकाला विचारतो. नर्सना विचारतो, स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांनाही विचारतो. सगळे 'थांबूया' म्हणाले तरच थांबायचं. एकाने जरी 'नाही' म्हटलं तर आणखी दोन मिनिटं, आणि कारण विचारायचं नाही. नियम मीच घालून दिला. एकदा सगळ्यांनी मान हलवली असताना मामा 'नाही' म्हणाले होते, आणि त्या दोन मिनिटांत ती बाई परत आली. अजून तपासणीला येते आणि मामांची चौकशी करून जाते. मामा वर्षभर आम्हाला ऐकवत होते, 'तुमच्या सगळ्यांच्या डिग्र्या एकीकडे आणि माझं एक नाही एकीकडे.'

आता बाबांचं सांगते. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं आणि तू दर फोनला म्हणतोस, 'ताई, तू होतीस म्हणून मला ते चार दिवस मिळाले.' मी हं म्हणते आणि तिकडच्या हवेचं विचारते.

ते गेले त्याच्या आदल्या वर्षी बाबा एकदा माझा विसरलेला डबा द्यायला रुग्णालयात आले होते. दार अर्धवट उघडं होतं आणि आत एका म्हाताऱ्या गृहस्थांवर आमचं काम चालू होतं. बाबांनी सगळं पाहिलं. घरी आल्यावर दुपारभर दुरुस्तीला आलेलं कुणाचं तरी शिलाई मशीन उघडून बसले, आणि मी चहा नेला तेव्हा मान वर न करता म्हणाले, 'हे माझ्यावर करायचं नाही. चाक अडलं की मी कधी जोर लावत नाही, सुई मोडते. शब्द दे.' मी दिला. त्यांनी स्क्रू घट्ट केला आणि चहात साखर कमी आहे म्हणाले.

पुढच्या वर्षी एका सकाळी ते न्हाणीच्या दारात कोसळले. आईने रुग्णवाहिका बोलावली. मी कामावरच होते. त्यांना आत आणलं तेव्हा छातीवर दाब देणं चालूच होतं. नातेवाइकाने सूत्रं हातात घ्यायची नसतात, म्हणून माझ्या हाताखालची डॉक्टर पुढे झाली, जिला आम्ही चिमणी म्हणतो. मी भिंतीला टेकून उभी राहिले. तेव्हाच सांगायला हवं होतं, की यांना हे नको आहे. तोंड उघडलं नाही माझं. वीस मिनिटांनी चिमणीने एकेकाला विचारायला सुरुवात केली. सगळे थांबूया म्हणाले. मामाही, माझ्याकडे न बघता. मग तिने मला विचारलं. खरं तर तिने मला विचारायला नको होतं, पण खोलीतल्या प्रत्येकाला विचारायचं हे मीच तिला शिकवलेलं. मी 'नाही' म्हटलं.

दुसऱ्या मिनिटाला नाडी लागली.

पुढचं तू पाहिलंस. सहा फासळ्या मोडलेल्या, घशात नळी, ती ओढू नये म्हणून हात पट्टीने बांधलेले. तू विमानतळावरून थेट आलास, त्यांचा हात धरून बसलास आणि मला म्हणालास, 'बघ, मला ओळखलं, हात हलवतात.' ओळखलं असेल, मला तसं मानायचं आहे. पण त्यांचं बोट नळीकडे जात होतं रे, आणि डोळे माझ्याकडे होते. ती नजर मी एकतीस वर्षांत शेकड्यांनी पाहिली आहे. तुझा आनंद बघवत होता आणि त्यांचं तोंड बघवत नव्हतं. ज्या चार दिवसांसाठी तू माझे आभार मानतोस, ते मी त्यांच्याकडून ओढून घेतले. तुझ्यासाठी घेतले असं म्हणायचा मोह होतो. खरं म्हणजे मला ते जायला नको होते, आणि 'नाही' म्हणायची सोय मीच करून ठेवली होती. चिडलास तर चीड. आभार मात्र पुन्हा मानू नकोस, ते मला सोसत नाहीत.

हे आईला तेवढं सांगितलं होतं, तुझ्यापासून दीड वर्ष पोटात ठेवलं आणि आणखीही ठेवलं असतं. गेल्या रविवारी मी आईचे केस विंचरत होते. तिचं हृदय आता किती कमी काम करतं हे तुला अहवालात कळवलं होतं, पण जिना चढून आली की ती कशी दिसते हे नव्हतं कळवलं. आरशात माझ्याकडे बघून ती म्हणाली, 'त्यांनी मलाही सांगून ठेवलं होतं. तरी मीच गाडी बोलावली. आपण दोघींनी मिळून त्यांचा शब्द मोडला, माझा मोडू नका. माझ्या वेळी तू नाही म्हणायचं नाही.' मी हो म्हटलं, आणि या वेळी मी ते पाळणार आहे. कागदावर तिची सही घेतली आहे, चिमणीला आणि मामांनाही सांगून ठेवलं आहे. म्हणजे माझा फोन येईल तेव्हा तुला विमान पकडायची घाई करण्यात काही अर्थ नसेल, तू पोचेपर्यंत मी तिला थांबवून ठेवणार नाही. म्हणून आत्ता ये. चार दिवसांचीच रजा मिळत असेल तर चारच दिवस ये. सकाळी नऊ ते अकरा ती छान जागी असते, लहानपणीच्या तुझ्या खोड्या सांगते, त्यातल्या निम्म्या माझ्या होत्या. तू समोर असलास की तिची चूक तूच काढ.

तुझीच,
ताई