देवाप्पाचे खेकडे

अक्कीपेट, बंगळूर
रविवार, २९ नोव्हेंबर १९५९

ती. वहिनी,

पत्रात साष्टांग लिहायचा रिवाज आहे, पण या खोलीत खरोखर साष्टांग घातला तर माझे पाय जिन्यावर जातील. म्हणून बसल्या जागी वाकून नमस्कार. दादांना तेवढाच सांगा, जास्त नको. नाहीतर ते म्हणतील, परश्याला काहीतरी हवं असणार.

तुमचं पत्र गणपतीच्या सुमारास आलं आणि उत्तर आज लिहितोय. कामात होतो असं लिहिणार होतो, पण सायकलच्या दुकानात पंक्चर काढणाऱ्याला इतके दिवस फुरसत झाली नाही हे तुम्ही काय मानणार! खरं म्हणजे दोनदा बसलो होतो. पहिल्यांदा खालून सर्कशीचा हत्ती चालला होता, तो बघायला उतरलो आणि त्याच्या मागे मल्लेश्वरमपर्यंत गेलो. दुसऱ्यांदा अख्खं पत्र झालं, पण वाचून फाडलं. त्यात एकाच माणसाचं नाव फार वेळा आलं होतं.

बरं, तुमचा प्रश्न. तुमच्या माहेरची मंडळी नेमकी पौर्णिमेच्या आगेमागे येतात आणि तेव्हा ओढ्यातले खेकडे पोकळ. फोडलं की नुसतं पाणी. अमावास्येचे भरलेले खेकडे तोवर राखता आले तर भावांपुढे तुमची मान वर राहील. खरंय. तर ते बर्फात कसे ठेवायचे, ते आमच्याकडे करतात तसं सांगतो. बेळगावात बर्फाचा कारखाना कुठे आहे ते दादा काढतील शोधून.

पहिली गोष्ट, खेकडा जिवंतच हवा. वाटेत मेलेला टाकून द्यायचा, मग तो केवढाही असो. टोपलीवर ओलं गोणपाट टाकून आणायचे. आणल्यावर थोडा वेळ बर्फाच्या चुऱ्यावर ठेवायचे, म्हणजे गारठून झोपतात. झोपलेला खेकडा उकळत्या पाण्यात सोडला तर गप राहतो. जागा असताना सोडला तर रागाने आपलेच पाय टाकून देतो. (हे मला फार आवडलं. रागाच्या भरात आपलेच पाय टाकायचे! अशी माणसं मी गावात दाखवीन तुम्हांला.) मिठाच्या पाण्यात चांगले लाल होईपर्यंत उकळायचे आणि लगेच थंड पाण्यात काढायचे. पाठ उघडून आतले पिसांसारखे कल्ले आणि मधली पिशवी काढायची, धुवायचं. मग डालड्याच्या स्वच्छ डब्यात रचून, खेकडे बुडतील इतकं गार पाणी ओतायचं. वर दोन बोटं जागा ठेवायची, कारण बर्फ फुगतो. हे पाणीच मुख्य. खेकड्याला वारा लागता कामा नये. कारखान्यात मिठाच्या पाण्याचा मोठा हौद असतो, त्यात बर्फाच्या लाद्या पाडतात. तिथेच डबा घट्ट झाकून सोडायचा. आत एकच लादी होते आणि खेकडे तिच्यात काचेत बसवल्यासारखे दिसतात. तो डबा मग गार खोलीत. खायच्या वेळी सावलीत आपोआप सुटू द्यायचं, ऊन नाही, गरम पाणी नाही. आणि एकदा सुटलेलं पुन्हा गोठवायचं नाही. शिजवून संपवायचं.

झालं. वाचताना वाटलं असेल, परसू किती शहाणा झाला. वहिनी, वर 'आमच्याकडे' लिहिलंय ना, ते 'देवाप्पाकडे' असं वाचा. त्यातलं एक अक्षर माझं नाही. खेकडे तेवढे माझे.

देवाप्पा कोण ते सांगायला हवं. पण आधी संताजी मामांचं घर. आपल्या आईचे हे लांबचे चुलतभाऊ. चिक्कपेटेत शिलाईचं दुकान, मागे घर. यांची कितवी पिढी बंगळुरात गेली ते त्यांनाही सांगता येत नाही. मराठी बोलतात, पण अर्ध्या वाटेत कानडी मिसळतं. भागुबाई मामी मला "परसू अण्णा, स्वल्प थांब रे" म्हणून दारात अडवतात आणि जेवल्याशिवाय सोडत नाहीत. घरात मामा, मामी आणि त्यांची मुलगी. मुलीचं नाव विमला. नाव लिहायचं काही कारण नव्हतं, ओघात आलं.

इथे आल्यावर मी रविवारी दुकानातली सायकल घेऊन के. आर. पुरमकडच्या तळ्यांवर जाऊ लागलो. बांधाला बिळंच बिळं. एका अमावास्येला टोपली भरून मामांकडे नेली. काय सांगू! मामांनी कातर खाली ठेवली. मामींनी खोबरं-मसाला पाट्यावर घेतला. विमला दातांनी नांगी फोडते, बत्ता घेत नाही. रस्सा कोपरापर्यंत. तेव्हापासून अमावास्या आली की त्या घरात माझी वाट बघत. मी गेलो की दारातूनच, "अम्मा, टोपली आली!" टोपली म्हणे. पण टोपलीला हात मीच लावलेला असे ना? याआधी राहिलो त्या हुबळीत, दावणगेऱ्यात, कुठेही माझी अशी वाट कुणी बघितलेली नाही.

एकदा ती म्हणाली, "महिन्यातनं एकदाच का? चंद्रसुद्धा त्याहून जास्त वेळा दिसतो." मला काय, चेवच चढला. मार्केटातून बर्फ घेतला, जिवंत खेकडे तसेच्या तसे डब्यात कोंबले, वर बर्फ, वर भुसा, आणि डबा त्यांच्या न्हाणीघरात ठेवून दिला. पुढच्या रविवारी मोठ्या ऐटीत उघडला. वहिनी, लिहवत नाही. बर्फ कधीच विरघळून गेलेला, मांसाची काळी कांजी झालेली. शेजारच्या सरस्वतीबाई खिडकी लावून घेत विचारत होत्या, "येनायतु, काय झालं? कोणी गेलं का?" मामींनी चुलीतली राख आणून टाकली. आणि विमला दाराला टेकून म्हणाली, "पकडतोस छान रे. पण तुझं काहीतरी दुसऱ्या सकाळपर्यंत टिकतं का?"

सगळे हसले. मीही हसलो.

मग मामांनी सांगितलं की बर्फाच्या कारखान्यातला एक जण त्यांच्याकडे सदरे शिवून घेतो, त्याला विचार. मी विचारलं. मीच त्याला मामांच्या घरी घेऊन गेलो. हे लिहिताना पेन थांबतंय बघा. मीच नेलं.

देवाप्पा निपाणीकडचा, आपल्यातलाच. वयाने माझ्याएवढा, पण बसतो म्हाताऱ्यासारखा. बाह्यांची बटणं लावलेली. अंगाला अमोनियाचा वास येतो, मामींना तो दवाखान्यासारखा स्वच्छ वाटतो. चपला दाराबाहेर जोडीने ठेवतो, टोकं रस्त्याकडे. जयनगरात नवीन प्लॉट पाडलेत ना, तिथे एका तुकड्यासाठी त्याने नाव घातलंय. असल्या तुकड्याला इथे 'सैट' म्हणतात. एक बायको नाही, पोर नाही, आणि सैट! तळ्यावर तो कधी आलेला नाही. चिखलाचा एक डाग नाही त्या माणसावर. माझी टोपली कारखान्यात घेतो, दुसऱ्या दिवशी डबा आहे, लादी आहे, सगळं नीट. स्वभावाने वाईट आहे असं म्हणावं तर तेही नाही. माझ्याकडून सायकलला हवा भरून घेतो आणि प्रत्येक वेळी "उपकार झाले" म्हणतो. याचा मला सगळ्यात राग येतो.

आता या पौर्णिमेचं ऐका. मामींची बहीण इंदिराबाई म्हैसूरहून आल्या होत्या. मामींनी देवाप्पाकडून लादी मागवली. आम्हां दोघांनाही जेवायला बोलावलं होतं. पानात खेकडे पडले, इंदिराबाईंनी एक उघडला आणि ओरडल्याच.

"अग्गो भागू! पौर्णिमेला भरलेला खेकडा? कुठनं गं?"

"देवाप्पाचे खेकडे आहेत ते," मामी म्हणाल्या.

वहिनी, त्या खेकड्यांसाठी मी अर्धा दिवस गळ्यापर्यंत बांधाच्या चिखलात होतो. म्हणालो, "पकडले मी."

"हो का? सरी, सरी. याला भात वाढ गं," इंदिराबाई म्हणाल्या आणि देवाप्पाकडे वळल्या. "घरी कोण कोण असतं तुमच्या? लग्न झालंय?"

देवाप्पाचे कान लाल झाले. मामा खोकले. मामींनी मामांकडे पाहिलं आणि मामांनी ताटाकडे. तेवढ्यात विमला रस्सा घेऊन आली आणि सगळ्यात मोठी नांगी देवाप्पाच्या पानात पडली. मुद्दाम पडली की पळीत तीच आली हे मी अजून ठरवतोय. मला आली ती लहान नव्हती. पण ती मोठी नव्हती.

जेवून उठताना इंदिराबाई मामींच्या कानात बोलत होत्या. कानात म्हणजे चिक्कपेटेला ऐकू जाईल असं. "मुलगा शांत आहे. पोरीचं वय बघ. मार्गशीर्षात विचारून टाका."

परवापासून मार्गशीर्ष लागतोय.

मी काही मत्सरी माणूस नाही. तुम्ही मला लहानपणापासून बघताय, दादांना दोन सदरे आणि मला एक मिळाला तेव्हा मी काही बोललो नव्हतो (बोललो होतो, पण थोडंच). तरी आजकाल ट्यूबमध्ये हवा भरताना देवाप्पाचं नाव मनात आलं की पंप थांबत नाही. काल एक ट्यूब फुटली. मालक हयवदनराव म्हणाले, "काय रे, कोणाला मारतोयस?" मी म्हटलं, कोणाला नाही, रबर जुनं होतं. नवीन होतं.

आणि मामाची मुलगी, वहिनी. आपल्यात काय म्हणतात ते तुम्हांला माहीत आहे. लांबचा असला तरी मामा तो मामाच. एकदा गमतीत हे मी विमलेला बोलून गेलो, की भाच्याचा हक्क पहिला. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "हक्कवाले आधी सांगतात तरी. तू येतोस, टोपली ठेवतोस, खातोस, जातोस. मी काय ओळखायचं, खेकडे बघून?" तिथून उठलो तो सरळ यशवंतपूरच्या गुरांच्या बाजारात जाऊन बैल बघत बसलो. खिल्लारी जोडी होती एक, काय शिंगं, दादांना सांगा, धारवाडकडे तसली मिळत

वहिनी, थांबा.

वरचं वाक्य तसंच राहू द्या. दार वाजलं म्हणून उठलो होतो. दारात देवाप्पा. या खोलीत तो कधी आलेला नाही, मला वाटलं सायकल घेऊन आला असेल. पण त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय अनवाणी, आणि हातात नवी कोरी वेताची बुट्टी, बाजारातला दोराही न सोडलेली. असा तो अक्कीपेटेतून चालत आला. लोक बघत असणार.

"परसू, स्वल्प काम होतं," म्हणाला. "आज तळ्यावर जाणार ना तू? मला ने."

"तू कशाला? टोपली देतो ना आणून."

"तसं नको. मला पकडायला शिकायचंय."

"का?"

बराच वेळ बुट्टीचा दोरा सोडत राहिला. सुटेना. मग म्हणाला, "कोणीतरी बोललं मला."

"कोणी?"

"बोललं. म्हणे, बर्फ तर फॅक्टरी करते. त्यात तू काय करतोस?"

"कोण म्हणालं, देवाप्पा?"

"विमला."

वहिनी, त्याचे कान जेवायच्या दिवशी झाले होते तसेच लाल होते, आणि तो माझ्याकडे कसा बघत होता सांगू? मी त्याच्याकडे बघतो तसा. रोज बघतो तसा. इतके दिवस मी समजत होतो, त्याचं ठरलंच.

त्याला जिन्यात बसवलंय. म्हटलं, एवढं पत्र संपवतो. आत्ता इतकंच लिहितो आणि सरळ लिहितो, कारण उतरत्या उन्हात निघायला हवं आणि वाटेत पोस्टाची पेटी आहे. दादांना सांगा, संताजी मामांना पत्र घाला. विमलेसाठी, माझ्याकरता. उद्याच घाला. नोकरी पंक्चरची आहे आणि सैट नाही हेही त्यात लिहा, लपवू नका. ते 'नाही' म्हणाले तर मला तसंच्या तसं कळवा. पण मी विचारलं होतं हे तिला कळू दे. मी स्वतः आज रात्री मामांकडे जेवायला गेलो की तिला सांगणार आहे, दादांचं पत्र पोचायच्या आधी, म्हणजे तिला माझ्याच तोंडून कळेल.

देवाप्पा जिन्यात खाकरतोय. नेतो त्याला. शब्द दिला. पण खेकडा पाठीमागून धरायचा असतो, पुढून हात घातला तर बोट जातं, हे त्याला आधी सांगायचं की मागाहून, ते तळ्याच्या बांधावर गेल्यावर बघीन.

तुमचा, आणि यावेळी खरंच काहीतरी मागणारा,
परसू