डावीकडून तिसरी

तीर्थरूप वन्सं यांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पार्सल पोचलं. आत ग्रुप फोटो एक (कसर लागलेला कोपरा धरून), पुठ्ठे दोन, जुनी वर्तमानपत्रं चार. तिकिटं कमी पडली म्हणून पोस्टमननं अठरा रुपये घेतले. ते मी घरखर्चात न घालता देवधर्मात टाकले, कारण आत सासूबाई होत्या. तुमचे गुडघे कसे आहेत? माझे देवाच्या दयेनं जिन्यापुरते चालतात.

तर तो फोटो. हे वर्षाचे असताना सासूबाई गेल्या आणि घरात त्यांचा एकही फोटो नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं? फोटोच्या पाठीवर मामंजींनी लिहिलंय, ‘डावीकडून तिसरी, आपली ही.’ (नाव लिहायला शाई संपत होती की काय, देव जाणे.) आम्ही खुर्च्यांच्या रांगेत डावीकडून मोजलं. करारी बाई निघाल्या, कॅमेऱ्यानं त्यांचं काही चोरल्यासारख्या बघणाऱ्या. फोटोवाल्याकडून तेवढाच चेहरा मोठा करून फ्रेम केला. ह्यांनी अर्धा तास आळीपाळीनं फ्रेम आणि आरसा पाहिला आणि म्हणाले, "नाक बघ, अगदी माझं." तेव्हापासून कामावर निघताना रोज "आई, येतो" म्हणतात. चोपन्न वर्षांत ही हाक त्यांनी कुणाला मारली नव्हती.

रविवारी तुमचे धाकटे काका आले. हे हातपाय धुवायला गेले आणि काका फ्रेमपाशी थबकले. "अगं, हिला कशाला टांगलंस? ही आमची थोरली वहिनी! तुझ्या सासूला हिनं उभा जन्म रडवलं." माझ्या हातातलं भांडं खाली. मी ग्रुप फोटो पुढं केला. तर म्हणे, डावी म्हणजे बसणाऱ्यांची डावी. तुझा सासरा स्वतः फोटोत उभा, तो बाहेर येऊन कशाला मोजेल? त्या बाजूच्या तिसरीनं ऐन वेळी मांडीवरच्या मुलाकडं मान वळवलीय. दिसतो तो नुसता अंबाडा. मी म्हटलं, मांडीवर मूल, म्हणजे ह्याच सासूबाई. त्यावर काका, "फोटो काढताना तेव्हा जिची मांडी रिकामी तिच्या मांडीवर कुणाचंही मूल बसवत!" बरं, मागची उभी रांग धरावी, तर एकीकडून तिसरे मिशीवाले गृहस्थ, दुसरीकडून दहा वर्षांची मुलगी. शिवाय काकांनी स्वतःला त्या फोटोत दोन ठिकाणी ओळखलं, दोन्हीकडं तितक्याच ठामपणे. आता त्यांच्यावर किती विसंबावं? मॅट्रिकला गणितात मला बासष्ट होते, पण ही डावी-उजवी काही सुटत नाही.

सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही सात वर्षांच्या. काका सोडले तर आईला पाहिलेलं माणूस आता तुम्हीच.

तुमची धाकटी भावजय

ता. क. पत्रं हेच फोडतात आणि मोठ्यानं वाचतात. तेव्हा खरं काहीही असो, फ्रेममधली तीच आई, असं लिहा. खोटं लिहायला सांगतेय, पण आधी देवाला विचारलं. तो काही बोलला नाही, म्हणजे हरकत नसावी.

आणखी एक. पाकीट चिकटवत होते, तर हे पाठीमागं उभे. "ताईला लिहितेयस ना? मग विचार, ती मान वळवलेली, तीच ना?" काकांचा आवाज मोरीपर्यंत जातो हे मी विसरलेच. म्हटलं, "मग अजून त्या बाईंना आई का म्हणता?" तर म्हणाले, "हाक मारायची सवय लागली गं. आणि हिचं तोंड कुठं दिसतंय?"

म्हणून वरची खोट्याची विनंती रद्द. एवढंच लिहा, की सासूबाईंनी मान इकडं वळवली असती तर कशा दिसल्या असत्या. दोन ओळींत आटपू नका. परतटपाली कळवा, हे आत्तापासूनच दारात जाऊन उभे आहेत.