बेडकांची बहीण

३ ऑगस्ट २०१४, रवि.
सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागातला मराठी वर्ग. सात मुलं. गणपतीच्या कार्यक्रमात एक फ्रेंच परीकथा बसवायची. दोन बहिणी विहिरीवर जातात. एक म्हातारीला प्रेमाने पाणी देते. म्हातारीच्या वराने ती मुलगी बोलली की तोंडातून फुलं पडतात. दुसरी उर्मट. तिच्या तोंडातून बेडूक.
"विहीर म्हणजे?" इथून सुरुवात! शेवटी विहिरीऐवजी इमारतीखालचा नळ.
बेडूक म्हटल्यावर आठ वर्षांची इरा ओरडली, "टीचर, फ्रॉग पॉरिज! सो नाइस, लाह!" इथे बेडकाचं मांस घातलेली पेज चवीने खातात.
रेवाचं मराठी छान, ती फुलांची बहीण. बेडकांची इरा.

१० ऑ., रवि.
इरा कोपऱ्यात. "माय मराठी इज बॅड, सो आय गेट द फ्रॉग्ज?"
थोबाडीत बसल्यासारखं झालं. खरंच, नकळत तशीच कामं वाटली होती. आणि मी! पुण्याला कॉलेजात मी 'व्हय' म्हटलं की वर्गात खसखस पिकायची. घरातली पहिली पदवी घ्यायला गेलेली मुलगी वर्षभर गप्प.

१४ ऑ., गुरु.
इराच्या घरी जाऊन माफी मागितली. तिची आजी सांगलीहून आलीय. त्यांना इंग्रजी येत नाही, इरा मराठीत बोलत नाही. "एका घरात दोन मुक्या आहोत बघ. दोन तारखेला माझं विमान. तोवर एक वाक्य तरी ऐकू दे."
मूळ गोष्टीत बेडकांची बहीण रानात एकटी मरते. माझ्या गोष्टीत नाही मरणार.

२४ ऑ., रवि.
तालमीला गणपती कमिटीच्या जोशीकाकू. "त्या इराला झाड कर गं. झाडाला बोलावं लागत नाही."
"काकू, बेडकांची बहीणच आता नायिका आहे." म्हणाले मी एकदाची!
म्हातारी होणार इराची आजी. मुलांनी कागदाचे ढीगभर बेडूक केले. फुलं लिटिल इंडियाच्या बाजारातून आणेन.

३१ ऑ.
जिंकलो!!
इरा माइकपाशी. गप्प. पहिल्या रांगेत काकूंचा चेहरा...
मग आजी खाली बसल्या, पदर पसरला. हे ठरलेलं नव्हतं. "बोल की गं. पडू देत बेडूक. मी वेचते."
"आजी... तू पाणी पी. मी आणला. तू... विमानात नको जाऊ."
शब्दागणिक इराच्या हातून एक कागदी बेडूक. आजींनी एकही खाली पडू दिला नाही. सगळं सभागृह उभं! काकू डोळे पुसत म्हणाल्या, "आणला नव्हे, आणलं," आणि स्वतःच हसल्या.
आईला फोन. "लोक उभे राहिले गं, माझ्या गोष्टीला."
"व्हय?"
"व्हय!"

३ सप्टें., बुध.
आजी काल सांगलीला गेल्या. बेडूक बॅगेत घालून. एक इराकडे ठेवला. आज सातला त्यांचा फोन यायचाय.
इराच्या आईचा मेसेज: "साडेसहापासून फोनपाशी बसलीय. मुठीत बेडूक. तोंडातून शब्द नाही."
आत्ता सहा अठ्ठावन्न.