भाताचे डोहाळे

२४ जानेवारी

एक चप्पल चिखलात रुतून राहिली, तेव्हा दुसरी मी हातात घेतली. पुढे माझा नवरा तातांग डोक्यावर ट्रंक घेऊन चालला होता, मागे सासू, आणि मधोमध मी, दोन्ही हात पसरून. सासू मागून ओरडली, "पोरी, बांध आहे तो, तार नाही! सर्कस उद्या कर, आज घरी चल." खाचरातल्या बायकांनी कंबर सरळ करून मनसोक्त हसून घेतलं. मीही हसले. मोटारसायकल वरच्या रस्त्यालाच सोडावी लागते, हे तातांगने लग्नाआधी सांगितलं नव्हतं.

सासूला सगळा गाव अंबू म्हणतो. आई सगळ्यांचीच. घरात पाऊल टाकताच तिने माझे पाय धुतले, पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "हे इथे टिकेल, नेंग. इथे काय काय टिकतं ते बघ तू." लेकीसुनांना इथे लाडाने नेंग म्हणतात.

मागचं टिकलं नाही. शिलाईच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून गेलं. ह्या वेळी तसं होऊ द्यायचं नाही, म्हणून मी आले. तिसरा महिना संपत आलाय.

रात्री फणसाची भाजी, सुके मासे आणि दोन वर्षं मुरलेल्या तांदळाचा भात. असा भात मी शहरात कधी खाल्ला नाही.

२ फेब्रुवारी

तातांग ट्रकवर परत गेला. कापणीला येईल.

हळूहळू घर कळू लागलंय. स्वयंपाकघराच्या मागे बिनखिडकीची खोली आहे, तिथे भात असतं. पुरुषांनी तिथे जायचं नाही. आम्ही जायचं, पण तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि ऊन डोक्यावर असताना तर मुळीच नाही. आत कोपऱ्यात फणी, आरसा आणि तेलाची वाटी. अंबू म्हणते, "बाईंना लागतं." बाई म्हणजे भात. मला ती अगं-तुगं करते, ओरडते, कधी चापटही मारते. भाताशी बोलताना मात्र आवाज उतरतो, आणि अहो-जाहो.

शेजारच्या ओनाह मावशीचं म्हणणं, अंबूने नवऱ्याला एवढा मान दिला असता तर तो अजून जिवंत असता. अंबू म्हणाली, "त्याला पोट भरता येत नव्हतं गं. यांना येतं."

१९ फेब्रुवारी

आज आमच्या खाचरातलं भात पोटरीत आलं. इथे म्हणतात, भाताला दिवस गेले. मग डोहाळे आलेच. अंबू सकाळपासून कैऱ्या, करमळं, पपनस, कच्चे जांब चिरत होती. वर चिंच, गूळ, मिरची. वासाने माझ्या दाढांत कळ आली. मी हात पुढे केला तर तिने सुरीची मूठ बोटांवर मारली. "तुझं नाही. तुला उद्या वेगळं करीन."

मला शेतावर यायची बंदी होती. ओनाह मावशीने कारण सांगितलं: पोटुशीने पोटुशीच्या ताटाशी जाऊ नये. घास कुणाचा कुणाच्या पोटी गेला, मागून निस्तरत कोण बसणार? हे सांगताना ती हसत होती.

अंबू शेतातच थांबली आणि तिचा पानाचा डबा घरी राहिला. पानाशिवाय ती दुपार कशी काढील, म्हणून मी निघाले. शेतावर पोचले तर अंबू नव्हती, दुसऱ्या वाटेने घरी गेली असावी. ऊन डोक्यावर. पाटाचं पाणी जिथे खाचरात शिरतं तिथे केळीच्या पानावर ते मांडलेलं. आजूबाजूला कुणी नाही. एक पानही हलत नव्हतं.

मी बसले. एकच फोड घ्यायची होती.

पान पुसून खाल्लं. मिरची लागलीसुद्धा नाही.

२१ फेब्रुवारी

पान स्वच्छ बघून अंबूने ओनाह मावशीच्या बकरीवर आळ घेतला. दोघी बांधावर उभ्या राहून भांडल्या. मावशी म्हणाली, माझी बकरी तुझ्यापेक्षा शहाणी आहे, ती मिरची खात नाही. मग दोघींना एकदम आठवलं की पोटुशा भातासमोर आवाज चढवायचा नसतो. दोघींनी तोंडावर हात ठेवले आणि कुजबुजत भांडण पुरं केलं.

मी गप्प राहिले. उगाच कशाला.

५ मार्च

बाळ हललं! मी पडवीत तांदूळ पाखडत होते. खालून वारा आला, सगळी खाचरं एका बाजूला कलली, आणि पोटात तसंच कललं. लाथ नव्हे. लाट म्हणावी तसं. अंबूने आनंदाने माझा चिमटा काढला.

भात निसवायला लागलंय.

९ मार्च

एक गोष्ट लक्षात आली. वारा पडला की ते हलत नाही. मी पडून वाट बघत राहते. झाडांची पानं सळसळतात, मग ते.

योगायोग असेल. लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाचून हसू येईल.

१६ मार्च

दाणे चिकात आले. ओनाह मावशी तिच्या खाचरातला एक दाणा चिमटून दाखवत होती, नखावर पांढरा थेंब. घरी येऊन पोलकं बदलताना बघितलं तर तेही ओलं. एवढ्या लवकर? थेंब जिभेवर ठेवला. कच्च्या तांदळाचं पाणी.

आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईने पोटाला नळी लावली, भुवया आवळल्या, पुन्हा लावली. म्हणाली, सळसळ ऐकू येते, पोटात वारा धरलाय, तिखट कमी कर. बाळाचा ठोका? हो, त्याच्या मागे कुठेतरी आहे, म्हणाली.

अंगाला खाज सुटते. भाताचं कुसळ कपड्यात शिरल्यासारखी. कपडे झटकले, काही नाही.

२४ मार्च

सगळ्यांचं भात वाकलं. आमचं नाही. आमच्या लोंब्या ताठ उभ्या, वरून हिरव्यागार, सुंदर. अंबूने एक लोंबी सोलली. पोचट. दुसरी पोचट. ती खाचरभर फिरली. परत आली तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

भात खाणारे छोटे पक्षी सगळ्या गावावर उतरलेत. दिवसभर डब्यांच्या दोऱ्या ओढून हाकलावं लागतं. आमच्या खाचरावर एकही नाही.

ते आमच्या पडवीत येतात. कठड्यावर रांगेने बसतात. मी उठले की तेवढे मागे सरकतात, बसले की पुढे. माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. पोटाकडे बघतात.

२६ मार्च

सांगून टाकलं. अंबू चूल फुंकत होती. बराच वेळ फुंकतच राहिली, जाळ धरल्यावरही. ओरडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल, बरं वाटलं असतं.

मग तिने पुन्हा कैऱ्या चिरल्या. म्हणाली, स्वतःच्या हाताने ठेव, चूक झाली म्हण, मागे न बघता ये. मी ताट घेऊन गेले. पाटाशी वाकले. चूक झाली म्हणाले, मोठ्याने म्हणाले.

ते ताट मी तिथेच बसून खाल्लं. रडत होते आणि खात होते. भूक माझी नव्हती. मी तोंड मिटायचं म्हटलं तरी ते उघडत होतं.

अंबू बांधावर उभी राहून बघत होती.

२९ मार्च

आज अंबू मला तुम्ही म्हणाली.

वाटलं, चेष्टा असेल. मी हसले. तिने मान खाली घातली, फणी घेतली आणि माझे केस विंचरायला बसली. फणी आतल्या खोलीतली होती. तेलही.

"अंबू, नेंग म्हण ना मला."

"म्हणेन हं," ती म्हणाली, अगदी हळू. "कापणी होऊ द्या."

३ एप्रिल

आमच्या घरावरून जाताना बायका बोलणं थांबवतात. ओनाह मावशी कुंपणाशी आली. मी म्हटलं, मावशी, एखादी शिवी तरी घाल. तिचे डोळे भरले. ती खाली वाकून गेली, डोकं माझ्या डोक्यापेक्षा खाली ठेवून.

पोट फार वाढलंय. सहावा महिना, आणि चालताना मी पुढे वाकते. अंबू हे बघते. समाधानाने बघते.

७ एप्रिल

घरात सुरी नाही. विळी नाही. कोयता नाही. भाजी चिरलेलीच येते. विचारलं तर अंबू म्हणाली, तुमच्यासमोर कशाला.

इथे कापणीचं पातं तळहाताएवढंसुद्धा नसतं. बायका ते मुठीत लपवून नेतात, एकेक लोंबी बोटांनी जवळ ओढतात आणि खुडतात. भाताने पातं बघायचं नसतं. घाबरतं.

हे मला लहानपणापासून ऐकून माहीत आहे. कारखान्यात मी हे मुलींना गंमत म्हणून सांगायचे.

१२ एप्रिल

निघाले होते. अंबू ओढ्यावर गेली तेव्हा. ट्रंक नाही, काही नाही. वरच्या रस्त्यापर्यंत जायचं, कुणीही येईल त्याच्या मागे बसायचं.

शेवटचं खाचर ओलांडलं आणि पोट दगड झालं. वारा होता. चांगला वारा होता, ओढणी उडत होती. आत काहीच हललं नाही. मी रस्त्याच्या कडेला बसले, पोट चोळलं, हाका मारल्या. एक दुधाचा ट्रक थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "बसताय का ताई? मला उशीर होतोय."

मागच्या वेळी असंच झालं होतं. आधी गप्प झालं होतं.

मी उतारावरून पळत खाली आले. पहिल्या खाचराशी आले आणि ते हललं.

ते इथेच जगतं. आमच्या खाचरातून दिसेल एवढ्यातच.

१३ एप्रिल

अंबूच्या पाया पडले. म्हटलं, आपलं खाचर कापू नका. आहे तसं उभं राहू द्या. तीन महिने फक्त. बाळ होऊ द्या, मग कापा, जाळा, काय ते करा.

तिने माझे हात झटकन धरले, मी तिच्या पाया पडतेय हे तिला सहन होईना. म्हणाली, "पिकलेलं उभं ठेवलं तर गळतं, बाई. मातीत जातं. मग तुमचंही नाही, आमचंही नाही."

"आणि हे माझं मूल आहे त्याचं काय?"

ती म्हणाली, "माझं नातवंड आहे. मला कळत नाही का?" आणि तेव्हा ती रडली. एकदाच. जुन्या अंबूसारखी, नाक पदराला पुसून.

बाई म्हणाली मला.

१५ एप्रिल

माझं अंथरूण आतल्या खोलीत घातलंय. तिथे गार असतं म्हणे. खिडकी नाही. दाराच्या फटीतून येतो त्या उजेडात लिहिते आहे.

बोलायचं नाही इथे. मी बोलून बघितलं. आवाज आला नाही — आला, पण सळसळला.

१८ एप्रिल

तातांग आला. दारापर्यंत. पुरुषाने आत यायचं नसतं. मी म्हटलं, आत ये, घेऊन जा मला. तो उंबऱ्यापाशी उकिडवा बसला होता, त्याचे पाय मला दिसत होते. म्हणाला, "लिलिस, आई म्हणते तसं कर. एवढंच वर्ष."

किती दिवसांनी कुणी माझं नाव घेतलं.

मग तो म्हणाला, आपल्या खाचरातलं भात वाकायला लागलंय.

१९ एप्रिल

हात लावून बघितलं. पोट कालच्याएवढं नाही.

वारा आहे. हलतं. कमी —

तिकडे भरतंय म्हणून इकडे —

नाही. मी धरून ठेवीन. पोटाला ओढणी घट्ट बांधली आहे. मी बसूनच राहणार. वाकणार नाही. वाकलं की —

२० एप्रिल

दुपार. ऊन डोक्यावर. ह्या वेळी इथे कुणी येत नाही.

अंगणात बायका जमल्यात. कुणी बोलत नाही. पक्षी बोलतायत.

अंबू आली. केस धुतलेले, नवं लुगडं, खांद्यावर बाळ बांधून न्यायची झोळी. दार लावून घेतलं. माझ्यासमोर बसली. डाव्या हाताने माझा गाल कुरवाळते आहे. तसंच जवळ ओढते आहे. उजवी मूठ मिटलेली.

अंबू मूठ उघड. काय आहे बघू दे. अंबू मी नेंग आहे तुझी मी

२१ एप्रिल

सकाळी कापणी सुरू झाली. आमच्या खाचरातलं भात जमिनीपर्यंत वाकलंय. इतकं भरलेलं ओनाह मावशीने आजवर बघितलं नव्हतं म्हणे. तिने मला कुंपणावरून हाक मारली, "काय गं आळशे, उठलीस का?"

माझं पोट सपाट आहे. रक्त नाही, दुखत नाही. बेंबीशी पात्याने कापल्यासारखी एक बारीक रेघ आहे. वारा सुटला, पानं हलली. आत काही नाही.

ऊन चढायच्या आत अंबू शेतावरून आली. पहिली पेंढी पांढऱ्या कापडात गुंडाळून झोळीत घातली होती, तिला थोपटत होती. माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "नेंग, आत नेण्याआधी एकदा पाज."

ऊब होती. मी पाजलं.