कादंबरीतलं बंद दार

आष्टा, गुरुवार, जानेवारी १९७४

वाचनालयातली कादंबरी आज सासूबाईंना वाचून संपवली. संशयापायी बायकोला हाकलणाऱ्या नायकाला त्या शेंगा फोडत रोज शिव्या घालायच्या. आज तो परत आला, तर बायकोनं दारच उघडलं नाही. मला वाटलं, खूश होतील. उलट माझ्यावरच डाफरल्या, "आगं, उघड म्हणावं दार! आलाय न्हवं?" एवढा राग गेला कुठं?

बाहेर सोप्यात मामंजी ऐकत होते. त्यांचा नि सासूबाईंचा अबोला माझ्या लग्नाआधीपासूनचा. निरोप माझ्याकरवी, चहाही मीच द्यायचा.

संध्याकाळी सासूबाईंनी कप माझ्या हातातून घेतला. सोप्यात जाऊन म्हणाल्या, "आवं, चा घ्या."

मामंजी सवयीनं मलाच म्हणाले, "सूनबाई, तिला सांग..." मग थांबले. सासूबाईंकडे वळून म्हणाले, "बस की जरा."

चूल चांगली पेटली होती, तरी मी फुंकतच बसले.