चावी काढल्यावरही पेटते राहणाऱ्या दिव्यांबाबत

प्रति,
मा. प्रमुख तपासणी अधिकारी,
वाहन नोंदणी व तपासणी कार्यालय.

विषय : घरी जोडलेल्या किट कारचे हेडलाइट आणि डॅशबोर्डवरचा बझर आहे तसेच ठेवून तिसरी तपासणी घेण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचा दुसऱ्या तपासणीचा नापास शेरा.
२) त्यावर मी केलेले दोन अर्ज. त्यांना पत्रे आली, उत्तर आले नाही.

महोदय,

मी खाली सही करणारी, गाड्यांच्या सीटा आणि टप शिवते. अर्जास कारण की, वरील गाडी माझ्या नवऱ्याने सुट्या भागांच्या खोक्यांतून मागवली होती. सांगाडा, चाके आणि फायबरची बॉडी इथपर्यंत त्यांची हौस टिकली. वायरींचे खोके उघडल्यावर त्यांनी ते भेंडोळे दोन्ही हातांत धरून पाहिले, परत खोक्यात कोंबले आणि "हे तू बघ" म्हणून चहा प्यायला गेले. पुढचे सगळे काम मी आणि माझी थोरली नणंद, म्हणजे आमच्या वन्सं, अशा दोघींनी केले. डॅशबोर्ड माझ्या शिवणाच्या टेबलावर पालथा घालून केले. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाचा दोरा बांधला, त्यामुळे कोणती कुठून आली हे आम्हाला कोणाला विचारावे लागले नाही. वन्सं सुईण आहेत. गाडी त्यांच्यासाठी आहे.

१. पहिल्या तपासणीत गाडी नापास झाली, ते योग्यच झाले. आम्ही दिव्यांचे अर्थिंग बॉडीला दिले होते. इतर गाड्यांना तसेच देतात, पण त्यांची बॉडी लोखंडाची असते, आमची फायबरची. दिवे लावले की इंडिकेटर मिणमिणायचा आणि पेट्रोलचा काटा नाचायचा. आपले तपासनीस साहेब त्या दिवशी खरे बोलले. आम्ही घरी जाऊन प्रत्येक दिव्याची अर्थिंगची वायर सांगाड्यापर्यंत नेली. त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही.

२. म्हणणे आहे ते दुसऱ्या तपासणीबद्दल. हेडलाइट चालू असताना चालकाचे दार उघडले तर बझर वाजतो. दिवे विसरून कोणी उतरू नये आणि बॅटरी संपू नये, एवढ्याचसाठी तो बसवला आहे. काम केल्याशिवाय तो ऐकत नाही म्हणून वन्संनी त्याचे नाव 'सासूबाई' ठेवले. तपासनीस साहेबांनी दिवे लावले, पाहिले, चावी काढली आणि दिवे तसेच ठेवून दार उघडले. बझर वाजला. साहेबांनी चावी पुन्हा घातली, फिरवली, काढली. वाजतच राहिला. मग त्यांनी हॉर्न दाबला, तो का दाबला हे त्यांनाच ठाऊक. तेव्हा रांगेतून वन्सं म्हणाल्या, "साहेब, दिवे मालवा, सासूबाई आपोआप गप्प होतील." मागचा ट्रकवाला म्हणाला, "इतक्यात गप्प होत असतील तर बाई, आमच्या बदलून द्या!" रांग हसली. आपल्या कार्यालयाच्या खिडक्यांतूनही हसू आले, ते मी ऐकले आहे.

त्यानंतर साहेबांनी शेरा लिहिला : "हेडलाइट चावीच्या नियंत्रणात नाहीत. अनावश्यक आवाज. वाहनाने तसेच वाहनधारकाच्या नातेवाइकाने चाचणी अधिकाऱ्याचा उपमर्द केला." महोदय, नातेवाइकाचे आम्ही बघून घेऊ. पण गाडीने उपमर्द केला म्हणजे काय केले? तिने जे करायचे तेच केले. साहेब दिवे विसरले, तिने सांगितले.

३. दिवे चावीच्या नियंत्रणात नाहीत, हे खरे आहे. ते चुकून राहिलेले नाही, आम्ही तसे ठरवून केले आहे. का केले ते सांगते, कारण आजवर आपल्या कार्यालयात कोणी विचारले नाही.

वन्संच्या जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा भार चावीच्या स्विचमधून जायचा. वापरून वापरून तो स्विच आतून जळत गेला. एका बाळंतिणीकडे निघालेल्या असताना उतारावरच्या वळणावर तो पुरता गेला. इंजिन बंद पडले आणि त्याच क्षणी दिवेही गेले. इंजिन बंद पडलेली गाडी दिसत असलेल्या रस्त्यावर थांबवता येते. रस्ताच दिसला नाही तर थांबवायची कुठे? वन्सं चरात गेल्या, मनगट मोडले. जिच्याकडे निघाल्या होत्या ती बाई एकटीच बाळंत झाली. मूल वाचले. बाई वाचली नाही. वन्सं त्याबद्दल बोलत नाहीत. डॅशबोर्डचे काम सुरू झाले तेव्हा एवढेच म्हणाल्या, "वहिनी, दिवे चावीला बांधू नकोस."

म्हणून दिव्यांची वाट वेगळी ठेवली. बॅटरीतून सरळ, उजव्याला एक फ्यूज, डाव्याला दुसरा. एक गेला तरी दुसरा राहील. भार रिले नावाचा वेगळा स्विच सोसतो, त्यामुळे डॅशबोर्डवरच्या स्विचला जळण्याचे कारण नाही. त्या स्विचच्या मुठीवर मी कातडे शिवले आहे. बाकीच्या मुठी गुळगुळीत आहेत. न बघता हात फिरवला तरी दिव्यांची मूठ कळते. "शिवणकाम वाहनाच्या व्याख्येत बसत नाही" असे साहेब म्हणाले. ते ज्या सीटवर बसून म्हणाले, तीही मीच शिवली आहे.

४. माझ्या पहिल्या अर्जावर आपल्या कार्यालयाने उत्पादकाचे प्रमाणपत्र मागितले. गाडी आम्ही जोडली, म्हणून आम्हीच दिले. मग ते कारखान्याच्या छापील कागदावर मागितले. आमचा कारखाना म्हणजे पुढची खोली आहे. तिथे नवरा पेपर वाचतो, तो सोडून दुसरा छापील कागद नाही. दुसऱ्या अर्जावर असे कळवले की, "वाहन सूर्यास्तानंतर न वापरल्यास दिव्यांचा प्रश्न उद्भवणार नाही." हे वाक्य मी वन्संना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी पुन्हा वाचायला लावले. महोदय, आपल्याला अधिकार असेल तर मुलांनी दिवसाउजेडीच जन्मावे असे परिपत्रक काढा. वन्सं आजपासून गाडी विकायला तयार आहेत.

५. तिसऱ्यांदा नापास झालेली किट कार मोडून तिचे भाग जमा करावे लागतात, हा आपला नियम मला माहीत आहे. म्हणूनच आधी लिहिते आहे. चावीला दिवे जोडून आणले तर गाडी लगेच पास होईल, असे आपल्या खिडकीवरच्या बाबूंनी मला हळूच सांगितले. घरी गेल्यावर पुन्हा वायर काढून टाका, असेही सांगितले. आम्ही ते करणार नाही. तपासायला एक गाडी आणि चालवायला दुसरी, अशी लबाडी आपल्या कार्यालयाला चालत असेल, वन्संना चालत नाही.

तरी तिसरी तपासणी आपण स्वतः घ्यावी. गाडी आपल्या शेडमध्ये उभी करा, शटर ओढा, आत बसा, दिवे लावा, इंजिन बंद करा आणि चावी आपल्या खिशात ठेवा. समोरची भिंत दिसेनाशी झाली तर नापास लिहा, गाडी मी माझ्या हाताने मोडते.

आणि न बघताच नापास केलीत, तर गाडी मोडायला आम्ही देणार नाही. ती आपल्या फाटकात उभी करू, तोंड आपल्या खिडकीकडे, दिवे चालू, दार उघडे. दार लोटल्यास बझर थांबेल, दिवे थांबणार नाहीत. आमच्याकडे चावी मागू नये. चावीचा या दिव्यांशी संबंध नाही, हे आपल्याच कार्यालयाने सहीशिक्क्यानिशी लिहून दिले आहे. दिवे बंद करायचे असतील तर आपल्यापैकी कोणाला तरी आत बसून डॅशबोर्डवर हात फिरवावा लागेल. कातड्याची मूठ सापडेल. अंधारातही सापडते, त्यासाठीच शिवली आहे.

नम्र म्हणवून दोन अर्ज करून झाले; या वेळी नुसतीच आपली,

(सही)
वाहनधारक व डॅशबोर्ड जोडणारी

(सही, डाव्या हाताची, उजवे मनगट अजून नीट वळत नाही)
वाहन चालवणार ती

दिनांक : आपल्या पोचपावतीवर पडेल तो. पोच घेतल्याशिवाय मी खिडकीवरून हलणार नाही.

सोबत :
१) डॅशबोर्डच्या वायरिंगचे चित्र, दोऱ्यांच्या रंगांसह.
२) दुसऱ्या तपासणीचा शेरा, 'उपमर्द' शब्दाखालची रेघ माझी.
३) जुन्या गाडीचा जळालेला चावीचा स्विच, पुडीत बांधून. बघून झाल्यावर परत करावा, तो वन्संचा आहे.